लिपोसोमल सप्लिमेंट घ्यायचंय? बाटली उचलण्याआधी एवढं बघून घ्या

जळगाव-भुसावळकडच्या मेडिकल दुकानांत हल्ली साध्या गोळ्यांच्या शेजारीच एक महागडी रांग लागलेली दिसते. लिपोसोमल व्हिटॅमिन सी, लिपोसोमल आयर्न, लिपोसोमल हळद. 'इतलं महाग काबर शे भो?' असं विचारलं की काउंटरवरून ठरलेलं उत्तर येतं, 'ताई, साधी गोळी निम्मी वाया जाते, हे पूर्ण अंगी लागतं.'

आमच्या घरी सासूबाईंचं बी-१२, लेकीचं हिमोग्लोबिन आणि ह्यांचं व्हिटॅमिन डी, असा तिहेरी कारभार माझ्याकडे आहे. मी डॉक्टर नाही. पण त्या निमित्ताने बरंच वाचलं, आमच्या डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावलं आणि लेबलं वाचायची सवय लावून घेतली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. साधी की लिपोसोमल, हा प्रश्न नंतरचा. आपलं घोडं नेमकं कुठे पेंड खातंय, ते आधी शोधायचं. शोषणच अडलं असेल तर महाग बाटलीचा विचार करा. अडचण दुसरीकडे असेल तर ती बाटली काही करणार नाही.

हाताशी काय ठेवायचं

- अलीकडचे रक्ताचे रिपोर्ट: हिमोग्लोबिनसह सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-१२, व्हिटॅमिन डी (२५-हायड्रॉक्सी) आणि किडनीसाठी क्रिएटिनिन. सगळं एकदम करायची गरज नाही, तक्रारीनुसार डॉक्टर सांगतील तेवढंच.
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी. शुगर, थायरॉईड, ॲसिडिटी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या तर हव्याच. आयुर्वेदिक चूर्णं आणि प्रोटीन पावडरही त्यात लिहा.
- मुतखड्याचा इतिहास असेल तर त्याचे कागद.
- सिकलसेलची (लालपेशींच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली असेल तर ते कार्ड.
- बाटलीच्या मागच्या बाजूचा मोबाइलवर काढलेला स्वच्छ फोटो. ती अक्षरं दुकानातल्या उजेडात वाचायचा प्रयत्नही करू नका.

१. पोटात काय घडतं, ते आधी समजून घ्या

लिपोसोम म्हणजे फॉस्फोलिपिड नावाच्या स्निग्ध पदार्थाचा सूक्ष्म फुगा. आपल्या पेशींचं आवरण ज्या मालाचं असतं, त्याच मालाचा. सप्लिमेंटमध्ये तो बहुधा सोयाबीन किंवा सूर्यफुलाच्या लेसिथिनपासून, म्हणजे फॉस्फोलिपिडं असलेल्या अर्कापासून, बनवतात. भिंत दुपदरी, आत पाणी. पाण्यात विरघळणारं व्हिटॅमिन आतल्या पाण्यात बसतं, तेलात विरघळणारं भिंतीत. आकार साधारण शंभर-दोनशे नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाच्या आसपास. ब्रिटिश शास्त्रज्ञ ॲलेक बँगहॅम यांना १९६०च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हे फुगे दिसले आणि त्यांत औषध भरायची कल्पना पुढच्या दशकात रुजली. कॅन्सरवरचं पहिलं लिपोसोमल इंजेक्शन अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झालं.

आपल्याकडे हा शब्द घरोघरी पोहोचला तो २०२१ च्या मे महिन्यात. म्युकरमायकोसिससाठी (काळ्या बुरशीसाठी) लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी हे बुरशीवरचं औषध मिळवायला लोक जिल्हे पालथे घालत होते. ते औषध खरंच वेगळं आहे. साध्या ॲम्फोटेरिसिनने किडनीला जी इजा होते, ती लिपोसोमलमुळे बरीच कमी होते. पण ते शिरेतून दिलं जातं, थेट रक्तात.

इथेच पहिला खड्डा आहे. इंजेक्शनने कमावलेलं नाव तोंडाने घ्यायच्या बाटलीला चिकटवून विकलं जातं. तोंडावाटे गेलेल्या फुग्याला आधी जठरातलं आम्ल भेटतं, पुढे लहान आतड्यात पित्त आणि स्वादुपिंडाचे पाचकरस. स्निग्ध पदार्थ फोडणं हेच त्यांचं काम, त्यामुळे बरेचसे फुगे वाटेतच फुटतात. जाहिरातीतल्या चित्रात तो गोळा अख्खाच्या अख्खा रक्तात शिरताना दाखवतात, तसं सहसा होत नाही. म्हणून तो अगदी निरुपयोगी ठरतो, असंही नाही. फुटलेल्या फुग्यातली फॉस्फोलिपिडं पित्ताबरोबर मिसळून बारीक कण तयार करतात आणि तेलात विरघळणारे घटक त्यांच्या आधाराने आतड्याच्या भिंतीपर्यंत जातात. काही घटकांचा आम्लापासून बचाव होतो, काहींचा पोटाला होणारा त्रास कमी होतो. फायदा किती, हे आत कोणता घटक आहे त्यावर ठरतं.

२. आपला घटक कोणता, त्यावर निर्णय घ्या

लोह. लिपोसोमलचा विचार करण्यासारखी जागा कुठली असेल तर ही. साध्या लोहाच्या गोळीने मळमळ, पोटात कळ, बद्धकोष्ठ होतं आणि बायका आठवड्याभरात गोळी सोडून देतात. पाकीट कपाटात पडून राहतं, हिमोग्लोबिन आहे तिथेच. लिपोसोमल आयर्नमध्ये बहुतेक वेळा फेरिक पायरोफॉस्फेट हे लोहाचं संयुग असतं. ते वेष्टनात असल्यामुळे आतड्याच्या अस्तराला थेट लागत नाही, त्यामुळे त्रास कमी होतो. इटलीत किडनीच्या जुनाट आजाराच्या रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात रोज ३० मिग्रॅ लिपोसोमल लोह तोंडाने दिल्यावर हिमोग्लोबिन शिरेतून दिलेल्या लोहाच्या तोडीने वाढलं, पण शरीरातला लोहाचा साठा इंजेक्शननेच जास्त भरला.

तरी आधी साधी गोळी नीट घेऊन बघा. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, तेही फुकट. आपल्याकडे ती चहाबरोबर घ्यायची पद्धत आहे आणि तिथेच सगळं मुसळ केरात जातं. चहातली टॅनिनं लोहाला धरून ठेवतात. गोळी आणि चहा यांत तास-दोन तास जाऊ द्या, गोळीसोबत लिंबूपाणी घ्या, दूध आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. आणखी एक. लोहाचा डोस घेतला की हेप्सिडिन नावाचं संप्रेरक दिवसभर वाढलेलं राहतं आणि पुढच्या डोसचं शोषण रोखतं. म्हणून काही डॉक्टर एक दिवस आड गोळी देतात. आमच्या लेकीला हेच मानवलं आणि महागाच्या बाटलीची वेळ आली नाही.

सातपुड्याच्या पायथ्याच्या वाचकांसाठी हे स्वतंत्रपणे सांगते. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. सिकलसेलमध्ये रक्त कमी असतं ते लालपेशी लवकर फुटतात म्हणून, लोह कमी असतंच असं नाही. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या अंगात तर लोह साठून राहतं. अशा माणसाला 'रक्तवाढीची भारी गोळी' म्हणून लिपोसोमल आयर्न आणून देणं धोक्याचं आहे. सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी मोफत होते. २०२३ पासून त्यासाठी राष्ट्रीय मोहीमही चालू आहे. तपासणी आणि फेरिटिन बघितल्याशिवाय लोह नको. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसू शकतं, हेही लक्षात ठेवा.

व्हिटॅमिन सी. सगळ्यात जास्त जाहिरात याचीच. आतड्यात व्हिटॅमिन सी उचलणारी वाहक प्रथिनं ठरावीक संख्येने असतात. रोज ३० ते १८० मिग्रॅ पोटात गेलं तर ७० ते ९० टक्के शोषलं जातं, एका वेळी हजार मिग्रॅच्या वर गेलं की हे प्रमाण निम्म्याच्या खाली येतं. 'साधी गोळी निम्मी वाया जाते' हे वाक्य इथूनच आलंय. ते खरं आहे, पण हजारच्या डोसला. आपली रोजची गरज आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषांना ८० आणि बायकांना ६५ मिग्रॅ. एका मध्यम पेरूत ती भागून वर उरते.

लिपोसोमलने रक्तातली पातळी साध्यापेक्षा वाढते, असं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. २०१६ च्या एका अभ्यासात ४ ग्रॅमचा डोस दिला होता. लिपोसोमलची पातळी साध्यापेक्षा वर गेली, शिरेतून दिलेल्याच्या मात्र बरीच खाली राहिली. माणसं होती अकरा. रक्तात जास्त गेलं म्हणून सर्दी लवकर बरी झाली, असं त्यातून सिद्ध होत नाही. आणि जे जास्त जातं त्यातलं बरंचसं लघवीतून बाहेर पडतं, त्याचा काही भाग ऑक्झलेट होऊन, आणि बरेचसे मुतखडे त्याचेच बनतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घाम ढाळून आधीच लघवी गडद होते, मुतखड्याचे पेशंट घरटी सापडतात. ज्याला खडा होऊन गेलाय त्याने हजारच्या गोळ्यांपासून लांबच राहावं, साध्या असोत की लिपोसोमल.

व्हिटॅमिन डी. हे मुळातच तेलात विरघळतं. जेवणात तेल-तूप असलं की झालं, आणि खान्देशी जेवणात तेल नाही अशी तक्रार अजून कोणी केलेली नाही. शेवभाजीच्या तर्रीबरोबर घेतलेल्या साध्या कॅप्सूलला लिपोसोमची कुबडी कशाला? इथला खरा धोका डबल डोसचा आहे. डॉक्टरांनी आठवड्याला ६०,००० युनिटचं सॅशे दिलेलं, कॅल्शियमच्या गोळीत डी आहेच, वर कोणीतरी 'नॅनो' ड्रॉप्स सुचवलेले. तिन्ही मिळून डी जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं. उलट्या, सतत तहान, बद्धकोष्ठ आणि पुढे किडनीवर ताण. यादी करून तिन्हींची बेरीज करा.

बी-१२. माळकरी घरांत, शाकाहारी वयस्कर मंडळींत आणि शुगरची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांत हे हमखास कमी निघतं. शरीर एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नेहमीच्या वाटेने उचलतं. त्यावरचं सुमारे एक टक्का आपोआप झिरपतं. हजार मायक्रोग्रॅमच्या साध्या गोळीतून त्या हिशोबाने दहाएक मायक्रोग्रॅम मिळतं, गरज रोजची दोन-अडीच. म्हणजे साधी, स्वस्त गोळीच भरपूर. सासूबाईंचा आकडा त्याच गोळीने वर आला. हातापायाला मुंग्या, चालताना तोल जाणं असं असेल तर मात्र गोळीवर वेळ घालवू नका, डॉक्टर इंजेक्शन देतील.

हळद, म्हणजे कुर्क्युमिन. कुर्क्युमिन खरोखरच अंगी लागत नाही, त्यामुळे शोषण वाढवायच्या युक्त्यांना इथे अर्थ आहे. कोणी मिऱ्यातलं पिपरिन घालतं, कोणी लेसिथिनशी जोडून फायटोसोम बनवतं, कोणी लिपोसोम. फायटोसोम आणि लिपोसोम एक नाहीत; फायटोसोममध्ये कुर्क्युमिन लेसिथिनच्या रेणूलाच जोडलेलं असतं, फुग्यात भरलेलं नसतं. पण शोषण वाढलं की त्रासही वाढू शकतो. जास्त शोषल्या जाणाऱ्या हळदीच्या कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याच्या घटना इटलीत आणि ऑस्ट्रेलियात नोंदल्या गेल्या आहेत. भाजीतल्या हळदीचा याच्याशी संबंध नाही. कॅप्सूल चालू असताना लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, अन्नावरची वासना गेली, असं काही दिसलं की त्या दिवशीच बंद. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नका.

ग्लुटाथिओनबद्दल थोडक्यात: लग्नसराईत रंग उजळवायला म्हणून खपतं. साधं तोंडाने घेतलं तर पोटात बरंचसं तुटतं, लिपोसोमलने रक्तातली पातळी थोडी वाढल्याचे छोटे अभ्यास आहेत. रंगाच्या दाव्याला भक्कम पुरावा नाही. पैसे नवरीच्या साडीला वापरा.

३. लेबल वाचा, पुढचं नाही, मागचं

पुढच्या बाजूला सोनेरी गोळ्याचं चित्र आणि 'हाय ॲब्सॉर्प्शन' असतं. बाटली उलटी करा आणि या क्रमाने बघा.

आकडा कशाचा आहे? 'लिपोसोमल व्हिटॅमिन सी १००० मिग्रॅ' हे लेसिथिनसकट अख्ख्या मिश्रणाचं वजन असू शकतं, आत व्हिटॅमिन सी बरंच कमी. लोहाच्या बाबतीत 'एलिमेंटल आयर्न', म्हणजे प्रत्यक्ष लोह, किती, तेवढाच आकडा खरा. मोठा आकडा संयुगाचा असतो.

फॉस्फोलिपिड किंवा फॉस्फॅटिडिलकोलिन (लेसिथिनमधलं मुख्य फॉस्फोलिपिड) किती मिग्रॅ, हे लिहिलंय का? नुसतं 'लेसिथिन' घटकांच्या शेवटी लिहिलेलं असेल तर सावध व्हा. कणकेत पुरण कालवून लाटलं तर त्याला मांडा म्हणत नाहीत. पुरण पारीच्या आत भरावं लागतं. कोरड्या पावडरच्या कॅप्सूलमध्ये अनेकदा व्हिटॅमिन आणि लेसिथिन नुसतं कालवलेलं असतं. खरा लिपोसोमल माल करणाऱ्याकडे कणांचा आकार आणि किती टक्के घटक प्रत्यक्ष फुग्यात बंद झाला याचा तपासणी अहवाल असतो. ईमेल करून मागा. देणारे देतात, न देणाऱ्यांकडून काय समजायचं ते तुम्हीच ठरवा.

एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा) १४ अंकी परवाना क्रमांक. तो त्यांच्या फॉसकॉस (FoSCoS) संकेतस्थळावर टाकला की उत्पादकाचं नाव दिसतं, ते बाटलीवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. त्याचबरोबर 'औषधी वापरासाठी नाही' अशी इंग्रजीतली ओळही सापडेल. म्हणजे कायद्याने हे अन्न आहे. आजार बरा करण्याचा दावा त्यावर करता येत नाही, मग काउंटरवर कोणी काहीही सांगो.

सोयाची ॲलर्जी असेल तर लेसिथिन कशाचं आहे ते बघा. शाकाहारींनी हिरवी खूणही बघावी, कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असू शकतं.

पाण्यात टाकल्यावर दुधाळ झालं म्हणजे असली, ही व्हिडिओतली परीक्षा बाद समजा. तेल-पाण्याचं कुठलंही इमल्शन दुधाळच दिसतं. तसंच घरी लिपोसोमल बनवायचे व्हिडिओ: लेसिथिन, व्हिटॅमिन सीची पावडर आणि दागिने धुवायचं अल्ट्रासॉनिक मशीन. जळगावात सराफांची कमी नाही, मशीन मिळेलही. पण त्यातून निघतं ते बहुधा आंबट, फेसाळ लेसिथिन. फुगे झाले की नाहीत आणि आत किती भरलं, हे घरी तपासायची सोय नाही.

४. पैशाचा हिशोब

समजा लिपोसोमल सीची कॅप्सूल ३० रुपयांना पडते आणि साधी ५०० मिग्रॅची गोळी दोन-तीन रुपयांना. शोषण अगदी दुप्पट झालं असं धरलं तरी दोन साध्या गोळ्या, एक सकाळी आणि एक रात्री, चार-सहा रुपयांत तेच काम करतात. डोस विभागला की शोषणही सुधारतं. हाच हिशोब लोहाला लावू नका. साधी गोळी पोटाला झेपतच नसेल तर तिची किंमत दोन रुपये असून उपयोग काय?

५. उन्हाळ्यात कुरिअरने मागवू नका

हे पुण्या-मुंबईचे लेख सांगत नाहीत. फॉस्फोलिपिडं उष्णतेने खराब होतात, हवेने खवट होतात. बाटलीवर '२५ अंशांखाली ठेवा' लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास. पार्सल दुपारभर पत्र्याच्या गाडीत फिरतं. मे महिन्यात दारात आलेलं खोकं मी हातात घेतलं तर चटका बसला. आतल्या द्रवावर पिवळसर थर वेगळा झालेला आणि झाकण उघडताच जुन्या तेलाचा वास. परत पाठवून दिलं.

द्रव स्वरूपातली बाटली घ्यायचीच असेल तर पाऊस सुरू झाल्यावर, किंवा एसी असलेल्या दुकानातून, बॅच आणि तारीख बघून. घरी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये कधीच नाही, बर्फाच्या स्फटिकांनी फुगे फाटतात. उघडल्यावर बाटलीवर तारीख लिहा.

६. सुरू करताना

एका वेळी एकच नवीन गोष्ट सुरू करा. दोन एकदम सुरू केल्या आणि पोट बिघडलं तर दोष कोणाचा ते कळत नाही. थायरॉईडची गोळी आणि लोह किंवा कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवंच, लिपोसोमल म्हणून त्यात सूट नाही. तेलात विरघळणारे घटक जेवणाबरोबर घ्या. गरोदर असाल, किडनी-यकृताचा आजार असेल किंवा लहान मुलाला द्यायचं असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय काहीच नाही.

७. उपयोग झाला का, ते रिपोर्टवर बघा

'जरा तरतरी वाटते' हा पुरावा धरू नका. लोह सुरू केल्यावर महिन्याभराने हिमोग्लोबिन, तीन महिन्यांनी फेरिटिन. व्हिटॅमिन डी आणि बी-१२ तीन महिन्यांनी. शक्यतो त्याच लॅबमध्ये. आकडा हलला नाही तर ब्रँड बदलत बसू नका, कारण शोधायला लावा: पाळीत जास्त रक्त जातंय का, मूळव्याध आहे का, जंत आहेत का. रक्त एका बाजूने वाहत असेल तर कितीही भारी गोळी पुरी पडत नाही.

त्रास झाला तर बाटली फेकू नका, बिलासकट ठेवा. डॉक्टरांना बॅच क्रमांक दाखवा. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद १८००-१८०-३०२४ या मोफत सरकारी क्रमांकावर करता येते, आणि एफएसएसएआयचा परवाना असलेल्या मालाची तक्रार फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर. दोन्हीकडे आधी बॅच क्रमांकच विचारतात.